चुलवाणाचं पिल्लू

आमच्या घरात जाळाविषयी बोलायचा मान एकट्या मामंजींचा. माझे सासरे चुलव्या होते, म्हणजे गुऱ्हाळावर रसाच्या काहिलीखाली जाळ घालणारे. उंब्रजच्या आसपासच्या पाच-सहा गावांतनं त्यांना बोलावणं यायचं. जाळ कधी वाढवायचा, कधी मारायचा, हे ते नुसत्या धुराच्या रंगावरून सांगायचे. तिथं त्यांचा हात कुणी धरला नसता, हे मी आजही कबूल करते. पण माणसाला एक गोष्ट नीट आली की बाकीच्या सगळ्या आपोआप येतात असं त्याला वाटायला लागतं. पुरुषमाणसाला तर ती एकसुद्धा यावी लागत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा आमची स्वैपाकघरातली जुनी चूल खचली. मामंजी म्हणाले, "मी घालतो." आणि त्यांनी काय घातलं म्हणता? चुलवाणाचं पिल्लू! तोंड एवढं मोठं, की शेळीनं करडासकट आत बसावं. अहो, चुलवाण म्हणजे गुऱ्हाळावरची काहिलीखालची भट्टी. तिला तसलं तोंड लागतं, कारण तिथं चिपाडाचा कवळाच्या कवळा आत ढकलायचा असतो. खाली खड्डा असतो, मागं पुरुषभर उंच धुराडं असतं. आमच्या चुलीवर काय, तर आमटीची डेचकी! तिला काहिलीचं गणित लावलं. गार वारा जळणाच्या डोक्यावरून आत शिरायचा आणि सगळा धूर आमच्या तोंडावर यायचा.

मी एकदा म्हणाले, "मामंजी, चूल लय धूर करतीया."

"चूल न्हाई करत. जळण घालणारी बाई करती."

आमचे हे भाकरी मोडता मोडता "व्हय" म्हणाले. त्यांचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर निभलं.

माझी धाकटी जाऊ जतकडची. लग्नाला वर्ष झालेलं, नवरा फौजेत, वर्षातनं एकदा रजेवर यायचा. ह्या धुरानं तिला खोकला धरला. असा, की खोकता खोकता कपाळ भुईला टेकायचं. दोन महिने हे बघितलं आणि माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, निकाल दिला: पोरगी दमेकरी आहे, आईबापानं लपवून दिली. तिच्या भावाला निरोप गेला, येता बाजार सोडून पुढच्या बाजाराच्या दिवशी येऊन हिला घेऊन जा. परत कधी आणून सोडायची, ते कुणी बोललं नाही. त्या न बोलण्याचा अर्थ आमच्या मांजरालासुद्धा कळत होता. तिच्या नवऱ्याला पत्र जाऊन उत्तर यायला महिना लागायचा. भाऊ यायला नऊ दिवस होते.

रानात हीच पोर दिवसभर भांगलायची, एकदाही खोकायची नाही. घरात एवढी शहाणी माणसं, पण रानात हा खोकला कुठं जातो हे एकाला विचारावंसं वाटलं नाही.

मी तिला विचारलं, "तुमच्याकडं कशी गं असती चूल?"

"आमच्याकडं जळण कुठं हाय आक्का? तीन काड्या घालायच्या, जळतील तशा फुडं सारायच्या. तोंड एवढंच." तिनं दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जुळवून गोल करून दाखवला.

त्या गोलाएवढा जाड केळीचा खुंट मी तोडला. त्याचा एक वीतभर तुकडा आडवा ठेवला, एक त्याच्या टोकाला उभा केला, आणि भाताचं तूस घातलेल्या चिखलानं दोन्ही चार-चार बोटं लिंपून काढले. चिखल आवळल्यावर खुंट ओढून काढला. आत कोपरासारखी वळलेली वाट तयार. आडव्या तोंडातनं काड्या, उभ्या गळ्यातनं जाळ. चौथीत शाळा सुटलेल्या बाईनं एवढं केलं, आणि ते चालेना.

उभा गळा मी वीतभरच ठेवला होता. जाळाला पुरतं जळायला जागाच नव्हती, डेचकी काजळीनं काळीठिक्कर. मोडला, दुसरा केला, दोन विती उंच. मग कळलं की ओली जाड माती सगळी ऊब स्वतःच पिते. म्हणून तो सांगाडा एका फुटक्या रांजणात बसवला आणि भोवती राख भरली. राख कुठली, तर चुलवाणाचीच, हलकी, पिसासारखी. मामंजी ती उकिरड्यावर फेकायचे. मग डेचकी ठेवली तर वरचं तोंडच बंद. धूर पुन्हा पुढं. मातीचे तीन उंचवटे केले. बोटभर उंच केले तर धूर कोंडायचा, दोन बोटं केले तर जाळ बाजूनं पळून जायचा. दीड बोटावर बसलं. जेवढं खालचं तोंड, तेवढाच गळा, तेवढीच वरून निसटायची वाट. एवढंच काय ते शास्त्र! शेवटी खालच्या तोंडात कौलाचा तुकडा आडवा घातला, काड्या वरनं, वारा खालनं.

मामंजी परड्यात येऊन बघून गेले. "हे काय गं, उंदराचं बीळ? माझ्या चिलमीचं तोंड ह्याच्यापेक्षा मोठं हाय."

"व्हय," आमचे हे म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळच्या यष्टीनं भाऊ आला. हातात रिकामी पिशवी, बहिणीची लुगडी न्यायला. मी म्हणाले, आज पाव्हण्याचा स्वैपाक परड्यात. जाऊ चुलीपुढं बसली. तुरीच्या काड्या सारत होती, आणि जाळ असा भुर्रर आवाज करत वर चढत होता की कुत्रं उठून लांब गेलं. आमटी झाली. ती एकदाही खोकली नाही. मी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत होते.

आत्याबाईंनी पहिली भाकरी तव्यावरनं उचलली आणि विचारलं, "निखारा कुठाय? ही शेकायची कशावर?"

आपली भाकरी तव्यावर भाजून मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला लावून फुगवायची. काड्यांच्या जाळाला निखारा कुठला? नऊ दिवस मी बोटं मोजत बसले होते आणि ज्या भाकरीसाठी चूल घालतात ती भाकरीच विसरले. मामंजींना नावं ठेवणारी मी, मीही डेचकीपुढं बघितलं नव्हतं.

"बिळात भाकरी फुगत न्हाई," मामंजी भावाला म्हणाले. "पिशवी भरा पाव्हणं."

"आक्का, तवा उतरवा," जाऊ म्हणाली.

मी उतरवला. तिनं आत्याबाईंच्या हातातनं भाकरी घेतली आणि त्या तीन उंचवट्यांवर, जाळाच्या तोंडावरच टाकली. भाकरी टम्म फुगली. एक काळा डाग नाही. पहिली भावाच्या ताटात पडली. मामंजींनी चार खाल्ल्या आणि बोटं चाटत म्हणाले, "चुलवाणाचंच तत्त्व हाय हे. आमच्याच घरात बघून शिकल्या." आमचे हे काय म्हणाले ते सांगत बसत नाही.

आत्याबाई भावाला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तिला. खोकला बरा झाला." जसा काही तो खोकला आपणहून आमच्या दारातनं चालत गेला होता!

"मी जाणार हाय," जाऊ म्हणाली.

भावानं हातातला घास ताटात परत ठेवला.

"आगं, ऱ्हा म्हणतोय की आमी," आत्याबाई म्हणाल्या.

"जा म्हणून तुमीच निरोप धाडलाय. आख्ख्या गावाला म्हायती हाय. आता मी माघारपणाला जाणार, म्हायेरवाशीण म्हणून, पंधरा दीस. खणा-नारळानं पाठवायचं. आन न्यायला मामंजींनी सोता यायचं."

मामंजींची मान वर आली. "मी? जतला? माझं गुऱ्हाळ कोण बघंल?"

"मग गुऱ्हाळ उरकल्यावर या. तवर मी हाय तिथं."

आत्याबाई उठल्या आणि पेटीतनं खण घेऊन आल्या. जुनाच होता, घडीवर पिवळा पडलेला. जावेनं तो घेतला, सगळ्यांच्या देखत उलगडला, उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, "दुसरा."

आत्याबाईंनी दुसरा आणला.

पंधरा दिवसांनी मामंजी गेले, चालू गुऱ्हाळ दुसऱ्याच्या हातात देऊन. जतला आजवर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. यष्टी दोनदा बदलावी लागली म्हणून महिनाभर कुरकुरत होते, पण घेऊन आले.