तात्यांनी दिलेली अठ्ठावीस मिनिटं

अंधेरीत, मरोळच्या वाटेवरच्या आमच्या कॉलेजात टोल देणारे तात्या घड्याळ पाहत नसत. दर तासाला ते एका वर्गाचं दार निवडत आणि भिंतीला पाठ टेकून आतलं शिकवणं ऐकत. ते रंगलं तर पंचेचाळीस मिनिटांचा तास तासाभराचा होई. कंटाळा आला की तात्या उठून व्हरांड्यातल्या पितळी थाळीवर हातोडा मारत, आणि एका प्राध्यापकापायी सगळं कॉलेज सुटे. प्राचार्यांची हरकत नव्हती. ते इतिहास शिकवत आणि तात्या त्यांना नेहमी तासभर देत.

तात्या मालवणकडचे. मी एकदा घड्याळाचा विषय काढला तेव्हा म्हणाले, "घड्याळ सगळ्यांका सारखांच मापता, सर. तां बराबर न्हय."

ऐंशीच्या दशकात मी तिथे अर्थशास्त्र शिकवायला लागलो. नव्या माणसाला स्टाफरूममध्ये पगार, गाव विचारायची रीत नव्हती. "तात्यांनी किती दिली?" एवढंच विचारत. मला अठ्ठावीस मिनिटं मिळाली होती. आदल्या वर्षी घसा बसलेल्या एका बाईंनाही तीस मिळाली होती.

लवकरच पोरांच्या हे ध्यानात आलं. माझ्यासमोर ती तात्यांना गळ घालत, "तात्या, आज अर्थशास्त्राच्या दाराशी उभे राहा ना, मॅच आहे!"

"रोज रोज नको रे," तात्या म्हणत, "सरांका वायट वाटता."

वाईट वाटतच होतं. एका रविवारी मी प्राचार्यांच्या वरिष्ठांना निनावी अर्ज टाईप केला आणि महिनाभराच्या मिनिटांचा तक्ता जोडला. पंधरवड्यात विजेची घंटा आली आणि तात्यांची बदली सायकल स्टँडवर झाली. तिथे ते जेवणाच्या डब्यावर चमच्याने टोल देत, आणि स्टँडलगतच्या वर्गातली पोरं मुकाट्याने उठून जात.

अर्जाची प्रत कॉलेजात आली, आणि तक्ता इतका चोख होता की संशय गणिताच्या सरांवर गेला. शिपाईमंडळींनी त्यांना थंड चहा द्यायला सुरुवात केली. मी शेजारीच बसून वाफाळता चहा पीत असे. एकदा ते मला म्हणाले, "काय रे, स्टोव्ह बिघडलाय का?" मी म्हणालो, "असेल."

तात्या निवृत्त झाले तेव्हा पोरांनी निरोप-समारंभात ती जुनी थाळी त्यांना भेट दिली. ते व्यासपीठावर एका हाताने ती दोरीला धरून, दुसऱ्या हातात हातोडा घेऊन बसले होते. मी बोलायला उभा राहिलो, कारण त्या दिवशी सगळ्यांदेखत कबूल करायचंच असं ठरवलं होतं. तात्यांची माया, शिस्त वगैरे झाल्यावर मी घसा खाकरला आणि म्हणालो, "तात्यांविरुद्धचा तो अर्ज..."

टण्ण!

सभागृह हसत, टाळ्या पिटत उठलं आणि दारांकडे धावलं. गणिताचे सरही हसत होते. तात्या माझ्या कानाशी वाकले. "फुडचां माका म्हायत आसा, सर. पोरांका कित्याक बसवून ठेवतास?"

तात्यांना ठाऊक होतं, इतरांना नव्हतं. गणिताचे सर पुढे निवृत्तीपर्यंत थंड चहा प्यायले. आता दोघेही नाहीत आणि मला मध्येच थांबवणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून ते वाक्य इथे पुरं करतो. तात्यांविरुद्धचा तो अर्ज मी लिहिला होता.