कानामागचं भोक अन् शेरडांची हाक

"मावशी, कपाळाला आठ्या घाला," गंगाखेडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी घातल्या. आरशात बघते तर डावीकडं आठ्या, उजवीकडं कपाळ सपाट. मग डोळे मिटा म्हणाल्या, तर उजवा डोळा मिटेचना.

"हा मेंदूचा लकवा नाही. त्यात सहसा कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडतात. बेल्स पाल्सी आहे. चेहऱ्याची नस सुजलीय."

लकवा न्हाई म्हणल्यावर मी तिथंच रडले. माझा बाप लकव्यानं अंथरुणाला खिळून गेला. राणीसावरगावाहून एसटीत बसल्यापासून माझ्या डोळ्यापुढं त्याचीच खाट होती.

बाईंनी टेबलावरची प्लास्टिकची कवटी उलटी केली. खाली भोकंच भोकं! मेंदूतून निघणाऱ्या एकेका नसेची बाहेर पडायची वाट ठरलेली असते म्हणाल्या. बघायची नस वेगळी, वासाची वेगळी. चेहऱ्याची सातवी, फेशियल नर्व्ह. ती हाडातल्या अरुंद बोळातून येते अन् कानामागच्या भोकातून बाहेर पडते. त्या भोकाला स्टायलोमॅस्टॉइड फोरामेन म्हणतात. नाव काय मला पेललं न्हाई, पण गोष्ट कळली. भिजून फुगलेलं दावं खुंट्याच्या भोकात अडकतं, तसंच हे. हाड काय सैल होत न्हाई, मग नसच चेपते. अर्ध्या जिभेची चव बी तीच नेते, म्हणून भाकर मातीवाणी लागायची.

आदल्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून लुगड्यावर. शेजारची चुलत जाऊ म्हणाली, तोंडावरून वारं गेलं, जायफळ धर गालात. धरलं. बोलायला गेले की जायफळच बाहेर पडायचं. जाऊ हसली, मी बी अर्ध्या तोंडानं हसले अन् मग आरसा बघितला. दुसऱ्या दिवशी उठून दवाखाना गाठला ते बरं केलं. स्टेरॉइडच्या गोळ्या, म्हणजे सूज उतरवायच्या, लवकर सुरू केल्या तर चांगला गुण येतो म्हणे. डोळ्यात टाकायला थेंब दिले, निजताना पापणीवर चिकटपट्टी.

"तोंड पहिल्यासारखं होईल का?" मी विचारलं.

"बहुतेकांचं होतं. काहींना महिने लागतात. तुमचं होईलच, असं आज नाही सांगता येणार."

मला रूपाचं काय करायचंय ओ या वयात? माझा जीव अडकला होता ओठांत. शेरडं वळवायला आमी ओठ फडफडवून 'ब्रुर्र' करतो. त्या आवाजाशिवाय शेरडं येत न्हाईत. माझ्या ओठातून नुसती फुस्स हवा निघायची. माळावर हातवारे केले, काठी आपटली, तर शेरडं अजून लांब पळाली.

घरात कुणी न्हाई. मालक, लेक अन् सून दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेलेले. दिवसभर मी शेरडांशीच बोलायची. आता ती बी माझ्याकडं बघत न्हवती. लय एकटं वाटायचं. भांडं पडलं तरी उजव्या कानात ठणका बसायचा, अन् तेवढाच घरातला आवाज. बाया वाटेत दिसल्या की मी पदर ओढून घ्यायची.

मालकांचा फोन रोज दिवस मावळताना यायचा. त्यांना मी काहीच सांगितलं न्हाई. तिकडं उसाच्या फडात जिवाला घोर कशाला? बोलणं बोबडं यायचं, तर दाढ दुखतेय म्हणायची अन् लवकर फोन ठेवायची. हळूहळू ते बी गप गप राहायला लागले. वाटलं, यांना बी माझा कंटाळा आला.

एका सांजंला त्यांनी विचारलं, "शेरडं इकलीस व्हय तू?"

"न्हाई. काऊन?"

"लय दिस झाले, तुझं ब्रुर्र ऐकू येत न्हाई. तेवढ्यासाठीच तर या वक्ताला फोन करतो मी."

मग मात्र मला आवरलं न्हाई. जायफळापासून सगळं सांगितलं.

"शेरडं कुठं हायेत?"

"समोरच्या बांधाला. येईनात."

"फोन मोठ्यानं लाव, अन् वर धर."

मी हात वर केला. फोनमधून त्यांचा ब्रुर्र आला. शेरडं आधी तेच राखायचे, आवाज वळखीचा. म्हातारी बांडी शेळी मान वर करून धावत आली अन् तिच्यामागं सगळी. मी पदरात तोंड घालून रडले. त्या दिवसापासून रोज सांजंला तिकडून तेच हाक मारायचे.

बायांनो, बाप्यांनो, तोंड वाकडं झालं की घरी कपाळ बघत बसू नका, जायफळात दिवस घालवू नका. लकवा का नस, ते डॉक्टरच सांगतील. त्याच घटकेला दवाखाना गाठा. अन् आपल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा. त्या डॉक्टरीणबाईंचं भलं होवो.

माझे ओठ आता हलायला लागलेत. हसताना उजवा कोपरा जरा मागं राहतो, राहू द्या. ब्रुर्र पहिल्यासारखा येतो. दिवसा मीच वळवते शेरडं. पण सांजंला त्यांचा फोन येईपर्यंत मी हाक मारत न्हाई.