अध्याय सातवा, पुढचं सस्पेन्शन

माझे यजमान गेले तेव्हा आमच्या गाडीचं इंजिन गराजमध्ये एका आडव्या लाकडाला टांगलेलं होतं.

रविवारी त्यांनी गाडीचा पुढचा भाग उचलून स्टँडवर ठेवला होता. चाकं काढली, बॉनेट काढून भिंतीला टेकवलं, आणि फेंडरच्या, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या, आतल्या कडांवर चार इंची जाड लाकूड आडवं टाकून त्याला साखळीने इंजिन अडकवलं. ज्या लोखंडी तुळईवर इंजिन बसतं, तिला क्रॉसमेंबर म्हणतात, ती बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्ली होती. पुढची चाकं धरणारे खालचे दांडे, म्हणजे आर्म, तेही तिलाच जोडलेले. ती काढायची तर इंजिन वरून धरून ठेवावं लागतं. जुन्या गाड्यांच्या यार्डातून आणलेली दुसरी तुळई त्यांनी आधीच घासून, सांध्यांत नवे रबरी बुश बसवून, काळा रंग देऊन ठेवली होती. "उरलेलं शनिवारी," असं म्हणून त्यांनी हात धुतले. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ते ऑफिसातल्या खुर्चीतच गेले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. देश सोडून इकडे स्कारबरोत येऊन आम्हाला आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माझे धाकटे दीर मिसिसागाहून पत्नीसह आले आणि त्यांनी सगळं अंगावर घेतलं. फोन, फॉर्म, दहन. चौथ्या दिवशी चहा पिताना ते म्हणाले, "वहिनी, टो ट्रकवाल्याशी बोललोय. जंक म्हणून नेईल गाडी."

"मग मी कामावर कशी जाऊ?"

"कामाचं बघू हो. तुम्ही आमच्याकडे या. बेसमेंट फिनिश केलंय, वॉशरूमसुद्धा वेगळी आहे."

मी पूर्वेकडच्या एका छोट्या गावातल्या वाचनालयात, मागच्या खोलीत बसून पुस्तकांची कार्डं करत असे. तिथे बस जात नव्हती. गाडी गेली की नोकरी जाणार, नोकरी गेली की घर. भाऊजी मनापासून बोलत होते. पण त्यांचं बेसमेंट मी पाहिलं होतं. खिडकी छताजवळ, आणि तिच्यातून दिसायची ती लॉनच्या गवताची मुळं.

"तेरावा होईपर्यंत घरातली कुठलीच वस्तू हलवायची नाही," मी म्हणाले. सुतक माझ्या कामी आलं.

जाऊबाईंनी लाल फडक्यात बांधलेली पोथी आणली होती. दिव्यापुढे बसून रोज एक अध्याय. पहिल्या संध्याकाळी मी वाचला. मेलेल्या माणसाला वाटेत काय काय भोगावं लागतं, त्याचं वर्णन होतं. माझ्या नवऱ्याने असं काय केलं होतं? शेजाऱ्याची बंद पडलेली गाडी ते थंडीत चालू करून द्यायचे. मी पोथी फडक्यात बांधली, नमस्कार केला आणि देवाजवळ ठेवून दिली.

दुसऱ्या संध्याकाळी पोथीच्या जागी मी गाडी दुरुस्तीचं पुस्तक ठेवलं. ते त्यांनी माझ्याच कार्डावर वाचनालयातून आणलं होतं.

"वहिनी, हे काय?" जाऊबाई दारातच थबकल्या. "ह्यात चित्रं आहेत!"

"असू देत. अध्याय सातवा, पुढचं सस्पेन्शन."

"अशाने त्यांच्या जिवाला गती कशी मिळणार?"

"अर्धवट टाकलेलं काम पुरं झालं की मिळेल."

"अहो, इकडे या जरा! वहिनी दिव्यापुढे बोल्ट वाचताहेत."

भाऊजी आले. माझ्या खांद्यावरून त्यांनी अर्धं पान वाचलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले. मग डोळे पुसले. "वहिनी, वाचून इंजिन धरता येत नाही."

"इंजिन तुमच्या दादांनी धरून ठेवलंय. मला फक्त खालचं काढायचंय."

"तेराव्यानंतरच्या शनिवारी ट्रक येईल," ते म्हणाले. "तोवर गाडी चालली, तर राहा इथेच. एक अक्षर बोलणार नाही."

मी सातवा अध्याय रोज वाचत राहिले, तेवढाच, ओळ न गाळता. शेवटी एक वाक्य होतं : बसवताना हीच कृती उलट क्रमाने करावी.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी त्यांचा डगला चढवला आणि पुठ्ठ्यावर आडवी झाले. गंजलेले बोल्ट पान्याला दाद देईनात, तेव्हा पान्याच्या दांड्यात पाइप घालून त्यावर सगळा भार टाकला. स्टिअरिंग सोडवलं, आर्म चाकांच्या बाजूने मोकळे केले. हे करण्यात दोन दिवस आणि बोटांची सालं गेली. बुधवारी सकाळी तुळईखाली जॅक लावला, बाहेरून हात घालून शेवटचे बोल्ट काढले आणि जॅक हळूहळू खाली घेतला.

आता इंजिन फक्त त्या लाकडावर होतं. लाकूड एकदा कुरकुरलं. मी फरशीवर गाल टेकून बघत राहिले. इंजिन केसभरही हललं नाही. त्यांनी आवळलेलं काही कधी सैल पडत नसे. लोणच्याच्या बरण्यासुद्धा मला उघडता यायच्या नाहीत. मी तिथेच पडून रडले. तेरा दिवसांत लोकांसमोर मला ते जमलं नव्हतं.

गुरुवारी दुपारपर्यंत काळी तुळई वर चढली आणि प्रत्येक बोल्ट मी जीव खाऊन आवळला.

माझ्या माहेरी पारायण संपलं की पोथीच्या पहिल्या अध्यायाच्या पाच ओव्या वाचायची रीत आहे. पोथी पहिल्यापासून धरावी असं वडील सांगत. मी मात्र थेट सातव्याला हात घातला होता. त्या दिवशी दिवा लावून मी दुरुस्तीच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथे सर्वसाधारण सूचना होत्या. पाचवी अशी : रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळावेत, चाकं लोंबकळत असताना आवळल्यास रबर पिळून फाटतं.

माझी तर चाकंही लावलेली नव्हती, सगळे बोल्ट मी गाडी स्टँडवर अधांतरी असतानाच आवळले होते.

शुक्रवारी आर्मचे बोल्ट पुन्हा सैल केले. चाकं लावली, त्यांच्याखाली फळ्या रचल्या आणि गाडी त्यांवर टेकवली. मग त्या अरुंद फटीत शिरून, गाडीचा पूर्ण भार तिच्या पायांवर असताना, एकेक बोल्ट आवळला. सगळ्यात शेवटी साखळी सोडली.

शनिवारी ट्रक आला, मागोमाग भाऊजी आणि जाऊबाई. मी किल्ली फिरवली. तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं.

"थांबा वहिनी, मी आधी चालवून बघतो."

"नको. तुम्ही शेजारी बसा."

मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, सावकाश ब्रेक दाबून पाहिले, पुढे मोठ्या रस्त्याला लागले आणि चक्कर मारून परतले. भाऊजींनी दरवाजाचं हँडल घट्ट धरून ठेवलं होतं.

"स्टिअरिंग वाकडं आहे," ते म्हणाले.

"वर्कशॉपमध्ये नेऊन अलाइन करून घेईन. गाडी सरळ जातेय."

 ते उतरले आणि त्यांनी ट्रकवाल्याला रिकामा परत पाठवला.

"आणि बेसमेंटचं काय करू आम्ही?" जाऊबाईंनी विचारलं.

"भाड्याने द्या," मी म्हणाले.