सुंठेचा लेप

आमच्या सासरी दिवसाउजेडी बायकोनं नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. मोठ्यांसमोर तर नाहीच नाही. अपवाद एकच, डोकेदुखी.

यांचं डोकं दुखायचंही नेमानं. जळगावच्या एका जिनिंगमध्ये हे कारकून होते. कापसाच्या हंगामात दिवसभर यंत्रांचा खडखडाट, वर मालकाची बोलणी. संध्याकाळी घरी यायचे ते कपाळाला उपरणं आवळूनच. मग सासूबाई म्हणायच्या, "त्याले सुंठ उगाळी दे व." मी सहाणेवर सुंठ उगाळायची, कोमट करायची आणि डोक्यावरचा पदर सावरत बाहेरच्या खोलीत न्यायची. लेप वाळेपर्यंत तिथं बसायची मुभा होती. त्या घटकेची मी सकाळपासून वाट पाहायची. आता सांगायला हरकत नाही, लेप मी मुद्दाम पातळ करायची. वाळायला वेळ लागे.

मग भुसावळहून यांच्या मावसभावानं अ‍ॅस्पिरिनच्या पुड्या आणल्या. पाण्याबरोबर एक घेतली की घटकाभरात डोकं उतरायचं. घरात जो तो पुड्यांचं कौतुक करी. माझा मात्र तिळपापड झाला. चार दिवस कळ काढली आणि पाचव्या दिवशी उरलेल्या पुड्या बाजरीच्या कोठीत लपवल्या.

त्या संध्याकाळी हे आले ते भिंत धरूनच. पुड्या कुठं सापडेनात. मी लेप लावायला बसले, तर यांना डोळे उघडवत नव्हते, कपाळाच्या शिरा माझ्या बोटांना लागत होत्या. माझीच मला लाज वाटली. उठले आणि बाजरीतून एक पुडी काढून पाण्यासकट पुढं केली.

पुडीला बाजरीचे दोन दाणे चिकटले होते. यांनी ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"पुडी डोकासाठे शे," हे हळूच म्हणाले. "लेप तू रोज आनत जाय."

पुढं अकरा हंगाम हे दोन्ही घेत राहिले. बाराव्याच्या तोंडावर तापानं गेले.

आता माझं डोकं दुखतं. सून गुणाची आहे. पुडी देते, वर सुंठही उगाळते, चांगली दाट. सासूला लेपानं बरं वाटतं, असं तिला वाटतं. मी कपाळ पुढं करते. तिला कसं सांगू, मला लेप लावून घ्यायचा नाही, लावायचा आहे.