बंबातली सालं

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण कुठून आली ते खात्रीने सांगणारे पुष्कळ भेटले, म्हणूनच मी कुणावर विश्वास ठेवत नाही. माझे वडील मास्तर होते. ते म्हणत, दगड जन्मभर पाण्यात राहिला तरी आतून कोरडाच. दुसऱ्याला ज्ञान सांगणाऱ्याचंही तसंच. मला तेही पटेना. नदीतला एक गोटा आणून मी वरवंट्याने फोडला. खरंच कोरडा निघाला.

तेव्हा आम्ही डोंबिवलीला चाळीत राहत होतो. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. विधवा आत्या आमच्याकडे असे. नवरा गेला तेव्हा ती कोवळी पोर होती, आणि तेव्हापासून कांदा-लसूण तिला वर्ज्य. ती लोकांकडे सोवळ्यातला स्वयंपाक करायची. श्राद्धपक्षाला कल्याणपर्यंत बोलावणी यायची. भावाच्या घरात मान वर करून राहायला तिला तेवढाच आधार होता.

शेजारी एक पेन्शनर आजोबा एकटे राहत. चातुर्मासात रोज संध्याकाळी पोथी वाचत आणि कांदा खाणाऱ्याची नरकात काय गत होते ते चवीने सांगत. त्या श्रावणात सकाळी सकाळी मागच्या गॅलरीत कांद्याचा वास येऊ लागला. चाळ तर सगळी चातुर्मास पाळणारी. जो तो दुसऱ्याच्या चुलीवर संशय घेऊ लागला. एका संध्याकाळी आजोबांनी पोथी मिटली आणि आमच्या दाराकडे बघत म्हणाले, "लहान वयात सोवळी झालेली बाई. जिभेला किती दिवस आवर घालणार?"

एवढं पुरलं. आईसुद्धा आत्याची भांडी हुंगून बघू लागली. पितृपक्षात आत्याला एकही बोलावणं आलं नाही. ती दिवसभर वाती वळत बसायची.

आजोबांचा अंघोळीच्या पाण्याचा बंब पहाटे पेटायचा आणि चाळीतल्या बायका त्यातून विस्तव न्यायच्या. विस्तवाला शेजाऱ्याला नाही म्हणायचं नाही, ही तेव्हाची रीत. एके दिवशी आईने निखारे आणले, तर त्यांत कांद्याची अर्धवट जळलेली सालं. केरात दिसू नयेत म्हणून म्हातारा ती बंबात घालत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईने ती सालं प्रत्येक दारात नेऊन दाखवली.

लोक हसले. "म्हातारं माणूस, चालायचंच," म्हणाले. संध्याकाळी पोथीला नेहमीचीच मंडळी बसली. आत्याला मात्र स्वयंपाकाचं बोलावणं पुढेही आलं नाही. एकदा नाव निघालं ना, मग उगाच कशाला, असं शेजारणीनेच आईला सांगितलं.

पुढच्या वर्षी कांदेनवमी आली. चातुर्मासाआधी कांदा खाऊन घ्यायचा तो दिवस. आई भजी तळत होती. आत्या आली, पाट ओढून बसली आणि ताटली पुढे केली.

"वाढ गं," ती म्हणाली. "आळ तर आलाच आहे, चव तरी कळू दे."