थिएटरच्या दारातलं गाऱ्हाणं

सुरळीत झालेलं ऑपरेशन कोणाला आठवत नाही हो. डोक्याला ताप दिलेलंच लक्षात राहतं, आणि चार डॉक्टर चहाला बसले की तेच बाहेर येतं. १९९८ पासून रत्नागिरीत आमचा सर्जन नंदू लहान मुलांचे हर्निया करायचा आणि मी भूल द्यायची. त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर!

*

पोरांचा हर्निया आईला घरी दिसतो, डॉक्टरसमोर गायब. जोर लावला की गाठ येते, म्हणून नंदू फुगे फुगवायला द्यायचा. पावस गावच्या एका पोरानं सगळे फुगे फुगवले, गाठ काही येईना. शेवटी नंदूनं वैतागून फुगे काढून घेतले. पोरानं असं भोकाड पसरलं की गाठ टुणकन बाहेर!

*

एकदा हर्नियाच्या पिशवीत चक्क अपेंडिक्स सापडलं. नंदूनं बाहेर जाऊन बापाला सांगितलं. तो मुंबईहून रजा काढून आलेला. शांतपणे म्हणाला, "मग आत आणखी काय असेल तेही बघून घ्या डॉक्टर. मला परत रजा मिळायची नाही."

*

आमच्याकडे कार्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता मागणं मागतो, बाकीचे मोठ्यानं "व्हय म्हाराजा" करतात. हातखंब्याच्या तात्यांनी ते थिएटरच्या दारातच सुरू केलं. आत त्यांच्या तान्ह्या नातवाला मी भूल देत होते. नंदू बाहेर जाऊन ओरडला, "हे हॉस्पिटल आहे, देऊळ नाही!" तात्यांनी जोडलेले हात सोडले.

नेमकी त्याच बाळाची लघवीची पिशवी हर्नियात उतरलेली, आणि तिला कात्री लागली. असं क्वचितच होतं. नंदूनं तिथल्या तिथे टाके घातले, लघवीसाठी नळी ठेवली आणि बाहेर जाऊन तात्यांना सरळ सांगून टाकलं. त्या खरेपणाचं मला आजही कौतुक वाटतं.

आठवड्यानं नळी काढली. आता बाळानं आपणहून लघवी केली तर ठीक, नाहीतर पुन्हा पोट उघडायचं. दुपार झाली तरी उघड्या बाळाखालचं दुपटं कोरडंच. आई तोंडाला पदर लावून बसलेली.

नंदू खाटेशी वाकून कितीतरी वेळ बघत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "तात्या, ते तुमचं गाऱ्हाणं घाला."

तात्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराला मुतू दे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज नंदूचा.

बाळ दचकलं, आणि नंदूच्या कडक इस्त्रीच्या कोटावर सरळ धार आली.

नंदू जागचा हलला नाही. ओल्या कोटानंच त्यानं हात जोडले आणि हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."