डाव्या हाताचा अंगठा

नंदकुमारचा पहिला मृत्यू प्रभाने पाहिला तो कोल्हापुरात, शेजाऱ्यांच्या माजघरात, चाळीस माणसांच्या गर्दीत, सहाव्या महिन्याचं पोट सांभाळत. साल पंच्याऐंशी. गल्लीत टीव्ही एकच. 'काळा दर्या' नावाची मालिका नुकती सुरू झाली होती: चाचे, तोफा, किल्ले, आणि मारामारी तर विचारूच नका. पहिल्याच भागात एका दाढीवाल्या खलाशाच्या छातीतून भाला आरपार गेला, तोंडातून रक्ताची गुळणी आली आणि खलाशी तडफडत मेला. तो खलाशी म्हणजे प्रभाचा नवरा! बाई किंचाळली आणि जागच्या जागी कोसळली.

चार दिवसांनी नवरा मालवणहून शूटिंग आटोपून घरी आला, तेव्हा तिने त्याला उंबऱ्यातच लाटण्याने बडवला.

"अगं, भाला खोटा, रगात खोटं, आन् तुझं लाटणं तेवढं खरं व्हय?" नंदकुमार डोकं चोळत म्हणाला. तालमीत घुमलेला गडी, पण मालिकेत काम काय, तर मार खायचा आणि मरायचं. दर भागात नवी मिशी लावून नवा मृत्यू. त्या दिवशी त्याने बायकोशी एक करार केला. "हितनं फुडं मी मेलो की माझा डावा हात बघायचा, प्रभे. अंगठा मुठीच्या आत असला, तर मी धडधाकट हाय."

मग काय! पुढच्या चार भागांत त्याचा गळा चिरला, त्याला डोलकाठीवर फाशी दिलं, तळघरात जाळलं, तोफेच्या तोंडी दिलं. बायका पदर तोंडात कोंबून बघायच्या आणि प्रभा आरामात शेंगदाणे खायची. अंगठा आत होता ना!

सहाव्या भागात तो किल्ल्याच्या तटावरून पडला. अंगठा आत. प्रभा निवांत झोपली. पंधरा दिवसांनी नवरा छातीला पट्ट्या बांधून घरी आला, तेव्हा तिला कळलं की खाली रचलेली खोकी सरकली होती. तीन फासळ्या मोडल्या होत्या, आणखी दोघे जायबंदी झाले होते आणि त्यापायी मालिकाच बंद पडली होती. तेरा भागांची सहात गुंडाळली. त्या दिवशी तिने लाटणं घेतलं नाही. ढसाढसा रडली.

"मोडलेल्या फासळ्या घेऊन अंगठा आत घातला तुम्ही? मला फसवायचं तर तोंडानं फसवा. अंगठ्यानं न्हाई."

अंगठा पुन्हा कधी खोटं बोलणार नाही, अशी नंदकुमारने तिच्या पोटावर हात ठेवून शपथ घेतली. पुढे तो वर्कशॉपात चिकटला आणि टीव्हीवर पुन्हा कधी मेला नाही.

पोटातला तो विशाल आता आयर्लंडात, लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. घर क्लोनडॉकिनला. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आईबाप तीन महिन्यांसाठी आले आणि लॉकडाउनमध्ये सव्वा वर्ष अडकले. म्हातारा मात्र खूश. नऊ वर्षांची नात तन्वी त्याला रोज मारायची. कधी जिन्यावर झाडूने, कधी स्वयंपाकघरात कपाटापाशी उलथन्याने. तो उचक्या देत, डोळे फिरवत असा काही मरायचा की पोरगी हसून लोळायची. "आजी, ही इज डेड अगेन!" सून सुरुची वैतागायची. अंगठ्याचं गुपित मात्र नवराबायकोतच राहिलं.

एकवीसचा मे महिना. संध्याकाळचे सहा, स्वच्छ ऊन. म्हातारा, म्हातारी आणि नात कालव्याकाठी फिरायला गेले होते, तन्वी तिच्या पायाने रेटायच्या छोट्या स्कूटरवर पुढे. समोरून पाच दांडगट पोरं आली, डोक्यावर हुड ओढलेली. एकाने स्कूटर हिसकली, दुसऱ्याने तन्वीची वेणी धरून तिला खाली पाडलं. तुमचा रोग घेऊन घरी जा, असं काहीतरी ओरडत होती मेली.

एकोणसत्तर वर्षांचा नंदकुमार मधे उभा राहिला. उंच पोराने ठोसा मारला. आणि इथे त्याची जुनी सवय आडवी आली हो! ठोसा पोचायच्या आत त्याने मान मागे टाकली, दोन गिरक्या घेतल्या, झोकात विव्हळला. मूठ नुसती हवेत गेली. तन्वी रडता रडता खुदकन हसली. त्या पोराचे सोबतीही हसले. बस, त्याचं डोकं फिरलं. त्याने स्कूटर दोन्ही हातांनी उचलली आणि म्हाताऱ्याच्या कानशिलात घातली.

आवाज झाला तो प्रभाला अजून ऐकू येतो. नंदकुमार पडला. मग सगळ्यांनी मिळून लाथा घातल्या, पोटात, बरगडीत, तोंडावर. बुटाला दाताचा तुकडा चिकटला. प्रभाने स्टीलची बाटली एकाच्या नाकावर हाणली, भळाभळा रक्त काढलं. त्याने तिला काटेरी कुंपणात ढकललं आणि सगळे पळाले.

"आजोबा, गेट अप, दे आर गॉन!" तन्वी टाळ्या वाजवत म्हणाली. व्यायामाला धावायला आलेली एक बाई लांब थांबली होती, तिलाही पोरीने सांगितलं, "ही इज ग्रँड, ही इज फाइन! ही इज ओन्ली अ‍ॅक्टिंग!" पोरगी हसतेय म्हणून ती बाई निघालीच.

प्रभाने डावा हात पाहिला. अंगठा बाहेर होता, खडीवर आडवा पडलेला.

ती अशी ओरडली की बाई मागे फिरली. तिनेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

कवटीला तडा, फुटलेली प्लीहा. ऑपरेशन झालं. कोविडमुळे हॉस्पिटलात कुणाला सोडत नव्हते. दोन दिवस विशाल "बरे होतायत गं आई" म्हणत राहिला, सुरुची म्हणत राहिली. तोंडाने सगळेच फसवत होते तिला. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सने व्हिडिओ कॉल लावला. चेहरा सुजून काळानिळा, नाकातोंडात नळ्या. बोलता येत नाही पण ऐकू येतं, असं नर्स म्हणाली.

"डावा हात दाखवायला सांग तिला," प्रभा विशालला म्हणाली. मग फोनकडे वाकून मोठ्याने, "अवो, कसं हाय?"

अंगठा हलला. हळूहळू बोटांच्या आत शिरायला लागला, निम्मा गेला. तिथेच तो अडला. थरथरत थांबला आणि पुन्हा बाहेर आला.

"हलवला! आई, बाबांनी हात हलवला!" विशाल रडत हसत ओरडला.

"व्हय, बघितलं मी." प्रभाने पदराने फोनची काच पुसली. "फोन बंद करू नको म्हणावं तिला. आता थोडाच येळ ऱ्हायलाय."